इंग्रजी पत्रात ‘री’ कुठे लावायचा?

खानापूर तालुक्यातले एक काका मध्यंतरी दुकानात आले. बेळगावात डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. रोज कोणी ना कोणी वहीचा कागद चार घड्या घालून खिशातून काढतो आणि ‘हे जरा इंग्लिशमधी नीट करून द्या’ म्हणतो. काकांचं ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं होतं आणि बँकेकडून ‘नो ड्यूज’चा दाखला हवा होता. पुतण्यानं पत्र लिहून दिलं होतं. सुरुवात अशी: ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम अ पूअर फार्मर…’ दाखल्याचा उल्लेख थेट चौदाव्या ओळीत. कर्जखात्याचा नंबर कुठंच नाही. शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज, थँकिंग यू, यूअर्स ओबीडिअंटली’.

मी म्हटलं, काका, यातलं निम्मं काढून टाकू. ते एकदम सावध झाले. ‘काढू नका वो. मॅनेजर म्हणजे काय लहान माणूस हाय? मान द्यायला पायजे की.’

काकांचं बरोबरच होतं. मान द्यायलाच पाहिजे. फक्त इंग्रजीत तो कुठं ठेवतात, हे पुतण्याला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं सांगितलं. लोकांची पत्रं टाइप करता करता, थोडं वाचून, थोडं आपटून मी ते शिकलो.

आधी हे, की बेळगावचा मराठी माणूस इंग्रजीत पत्र लिहितोच कशाला. घटनेच्या 350व्या कलमानं प्रत्येकाला आपली तक्रार किंवा निवेदन देशात वा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. पण टेबलापलीकडच्या माणसाला ती भाषा वाचता येईल, याची हमी कलम कुठून देणार? आमच्यातल्या कितीतरी जणांना कानडी बाजारापुरतं बोलता येतं, लिहिताना मात्र घाम फुटतो. बँकेचा मॅनेजर आंध्राकडून बदलून आलेला असला की त्याला मराठीही नाही आणि कानडीही नाही. मग इंग्रजी, म्हणजे दोघांच्याही घरची नसलेली भाषा. दोघंही पाहुण्यासारखे वागतात आणि कुठं चुकेल या भीतीनं जरा जास्तच वाकतात.

आता मानाचं. आमच्याकडं तो शब्दाच्या शेपटीला बांधलेला असतो. कानडीत ‘बा’ म्हणजे ये आणि ‘बर्री’ म्हणजे या. ‘कोडु’ म्हणजे दे, ‘कोड्री’ म्हणजे द्या. उत्तर कर्नाटकातला हा ‘री’ इतका सोयीचा आहे की ज्याला कानडीची चार वाक्यंच येतात तोही तो अचूक लावतो. मराठीत ‘दे’, ‘द्या’, ‘द्या की वो’. ‘साहेब आला’ आणि ‘साहेब आले’ यात माणूस तोच असतो, बोलणाऱ्याची मान तेवढी वरखाली होते. इंग्रजीत म्हणा ‘द मॅनेजर केम’. आला की आले, कळायला मार्ग नाही. ‘यू’ म्हणाल तर पोरालाही तोच आणि डीसी साहेबांनाही तोच.

म्हणून आपल्याला इंग्रजी पत्र उघडंबोडकं वाटतं. शेपटीला ‘री’ लागत नाही, तर आपण तो डोक्यावर चढवतो: रिस्पेक्टेड, हम्बल, बेग, ओबीडिअंट. पुतण्याच्या चौदा ओळी म्हणजे एका ‘री’ची भरपाई होती.

गंमत अशी की इंग्रजीतही एकेकाळी तू आणि तुम्ही होते. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘यू’ म्हणजे तुम्ही. अनेकांना आणि वरच्या माणसाला ‘यू’, घरच्याला, नोकराला आणि देवाला ‘दाऊ’. सतराव्या शतकापर्यंत ‘दाऊ’ प्रमाण बोलीतून जवळजवळ गेला. प्रार्थनांत आणि यॉर्कशरसारख्या भागांतल्या बोलींत तेवढा राहिला. त्याच शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाचा पंथ निघाला. देवापुढं सगळे सारखे, म्हणून हे लोक न्यायाधीशालाही ‘दाऊ’च म्हणायचे, डोक्यावरची टोपीही काढायचे नाहीत, आणि त्यापायी मार आणि तुरुंग दोन्ही भोगायचे. तेव्हा इंग्रजी ‘यू’ म्हणजे ‘तू’, हा आपला समज उलटा आहे. तिथं तू मेला आणि सगळे तुम्ही झाले. कुत्र्यालासुद्धा इंग्रज माणूस ‘अहो’ म्हणतो, त्याला ते माहीत नसतं एवढंच.

सगळेच तुम्ही झाले म्हणजे ‘तुम्ही’ला किंमत उरली नाही. मानाला दुसरी जागा शोधावी लागली, आणि ती सापडली क्रियापदांच्या जोडगोळीत. काकांच्याच दाखल्यावर करून बघू. ‘गिव्ह मी द सर्टिफिकेट’ म्हणजे दे इकडं. ‘प्लीज गिव्ह मी द सर्टिफिकेट’ जरा बरं, पण क्रियापद आज्ञेचंच राहिलं. ‘प्लीज’नं आज्ञेला पॉलिश लागतं, तिची विनंती होत नाही, फॉर्मवर ‘प्लीज साइन हिअर’ छापलेलं असतं तिथं कोणी आपल्या पाया पडत नसतो. पुढची पायरी ‘कॅन यू’. त्याच्या वर ‘कुड यू’. आणि अनोळखी अधिकाऱ्याला लिहायचं तर ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड इश्यू द सर्टिफिकेट’.

‘कॅन’चा ‘कुड’ झाला की मान का वाढतो? व्याकरणात ‘कुड’ हा भूतकाळ, आणि दाखला तर आज हवाय. हे कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं. एक दिवस गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणालं, ‘जरा काम होतं.’ होतं? काम तर आत्ताच आहे! ‘तुम्हांला एक विचारायचं होतं’, ‘पाच मिनिटं वेळ होता का?’ आपणही मागणं हळूच मागच्या काळात सरकवतो. समोर दाणकन आदळत नाही, थोडं लांब ठेवतो, म्हणजे समोरच्याला ‘आत्ता नाही जमणार’ म्हणायला जागा राहते. ‘कुड’ आणि ‘वुड’ तेच करतात. ‘इफ यू कुड’मधला ‘इफ’ त्यापुढं जाऊन दारच उघडं ठेवतो: जमत असेल तर. इंग्रजीतला ‘री’ तो हा. समोरच्याला मोठं म्हणण्यापेक्षा त्याला मोकळं ठेवण्यावर त्या भाषेचा भर आहे.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोघा अभ्यासकांनी 1978 साली यावर जी मांडणी केली, ती आजही भाषा शिकणाऱ्यांना वाचावी लागते. त्यांनी तीन भाषा घेतल्या होत्या: इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या कानडीची बहीण तमिळ. प्रत्येक माणसाला एक ‘फेस’ असतो, म्हणजे चेहरा; आपण त्या जागी नाक म्हणतो. नाक वर राहावं असं प्रत्येकाला वाटतं. ते राखायच्या रीती दोन. एक जवळ जाण्याची: ‘या, बसा, जेवलासा काय, पोरगी कुठं दिलासा?’ दुसरी वाटेत न येण्याची: ‘त्रास देतोय, माफ करा, वेळ असेल तर बघा.’ आपल्याकडं पहिलीवर जीव जास्त, इंग्रजी कामाच्या पत्रात दुसरीवर. पुतण्यानं ‘पूअर फार्मर’ म्हणून घरची हकीकत लिहिली ती जवळ जाण्यासाठी. मॅनेजरला वाटणार, हा माणूस मुद्द्यावर कधी येणार? अनोळखी माणसाचा वेळ न खाणं हाही तिथं मानच धरतात.

किती वाकायचं हे त्या दोघांच्या हिशोबानं तीन गोष्टींवर ठरतं: ओळख किती, अधिकार कोणाचा जास्त, आणि मागणं केवढं. पेन मागायला ‘कॅन आय बॉरो युवर पेन’ पुरतं. तेच मागणं पन्नास हजाराचं असलं तर जिवलग मित्रालाही ‘आय वॉज वंडरिंग इफ…’ करत यावं लागतं. हिशोब चुकून जास्त झाला तरी घोटाळा. जेवताना भावाला ‘आय वुड बी एक्स्ट्रीमली ग्रेटफुल इफ यू कुड पास द सॉल्ट’ म्हणालात तर तो टोमणाच होतो. घरात बायको एकाएकी ‘आपण आता जेवायला बसावं’ म्हणाली की आपल्याला कळतं, काहीतरी बिनसलंय. तसंच ते.

पत्राच्या डोक्याकडं आणि शेपटीकडं मात्र आपण अनोळखी नजरेनं बघायचं कारण नाही, कारण मायन्याचं शास्त्र आपल्याकडं भरपूर होतं. कोणाला कोणता मायना लिहायचा याची जुन्या काळी मेस्तकं, म्हणजे नमुन्यांची पुस्तकं, असायची. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि ‘शि. सा. न. वि. वि.’, धाकट्याला ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, बाहेरच्या मोठ्या माणसाला ‘रा. रा.’. शिरसाष्टांग नमस्कार लिहिणारा खरोखर जमिनीवर आडवा झालेला नसायचा. ‘डिअर’चं तसंच आहे. एक मुलगा तहसीलदार मॅडमना ‘डिअर मॅडम’ लिहायला तयारच नव्हता, म्हणाला मार खाईन. त्याच्या लेखी ‘डिअर’ म्हणजे प्रिये! पत्राच्या डोक्यावरच्या ‘डिअर’मध्ये प्रेम शून्य असतं. जप्तीची नोटीससुद्धा ‘डिअर सर’नंच येते.

शेपटीचं उदाहरण अमेरिकेतलं. 1804 साली तिथला उपाध्यक्ष ॲरन बर आणि माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्यात पत्रापत्री चालली होती. एकमेकांची अब्रू काढणारी ती पत्रं संपायची कशी, तर ‘आय हॅव द ऑनर टू बी, युवर ओबीडिअंट सर्व्हंट’. मी आपला आज्ञाधारक सेवक. शेवटी दोन आज्ञाधारक सेवक पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले आणि हॅमिल्टन मेला. शेपटीवरून माणसाच्या मनातलं ओळखू नये ते यासाठी.

तरी डोकं आणि शेपूट एकमेकांना जुळावी लागतात. ब्रिटिश रीत सोपी आहे. नाव माहीत नसेल तर वर ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर सर ऑर मॅडम’, खाली ‘यूअर्स फेथफुली’. नाव घालून लिहिलं, ‘डिअर मिस्टर पाटील’, तर खाली ‘यूअर्स सिन्सिअरली’. लक्षात ठेवायला एक खूण आहे: ‘सर’ आणि ‘सिन्सिअरली’ हे दोन ‘स’ एका पत्रात नांदत नाहीत. अमेरिकन लोक या भानगडीत पडत नाहीत, सगळ्याखाली ‘सिन्सिअरली’ लिहून मोकळे होतात. ‘ओबीडिअंटली’ आता आपल्या शाळांच्या रजेच्या अर्जातच उरलंय म्हणा ना.

नावाची मात्र आपल्या भागात खरी अडचण आहे. ‘मिस्टर’च्या पुढं आडनाव लावायचं, हा नियम. ‘मिस्टर सुरेश’ हे इंग्रजी कानाला ‘श्रीयुत बाळू’सारखं लागतं. पण म्हैसूरकडच्या साहेबांना बहुतेकदा आडनावच नसतं. ‘रमेश एच. एस.’ अशी पाटी असते, त्यातलं एक अक्षर गावाचं आणि एक वडिलांचं. अशा वेळी ‘मिस्टर एच. एस.’ लिहून बसू नका, ‘मिस्टर रमेश’ हेच बरोबर. बाईंना लिहिताना ‘मिस’ की ‘मिसेस’ याचा शोध घेऊ नये, ‘मिझ’ लिहावं. कु. आणि सौ.च्या चौकशीचा दाखल्याशी संबंध नसतो.

आपल्या सरकारी पत्रात हे सगळं अजून काटेकोर चालतं. एखादा अधिकारी खात्याच्या वतीनं लिहितो तेव्हा वर नुसतं ‘सर’, मग ‘आय ॲम डायरेक्टेड टू से…’ आणि खाली ‘यूअर्स फेथफुली’. ‘डायरेक्टेड’ म्हणजे मला वरून सांगितलंय, हे माझं बोलणं नव्हे. तेव्हा अशा पत्राखाली सही करणाऱ्यावर जाऊन चिडण्यात अर्थ नसतो. त्यालाच दुसऱ्या अधिकाऱ्याला जरा आपुलकीनं, नावानिशी टोकायचं असलं की तो अर्धशासकीय पत्र काढतो, ज्याला कचेरीत डी. ओ. म्हणतात. तिथं ‘डिअर श्री अमुक’ आणि ‘यूअर्स सिन्सिअरली’. ऑफिस मेमोरँडममध्ये तर ना डोकं ना शेपूट. लिहिणारा स्वतःला ‘द अंडरसाइन्ड’ म्हणतो, म्हणजे खाली सही करणारा कोणीतरी.

‘रिस्पेक्टेड’, ‘काइंडली’, ‘डू द नीडफुल’ यांना हसणारे मला आवडत नाहीत. ‘डू द नीडफुल’ एकेकाळी विलायतेतही चालायचं. तिकडं ते मागं पडलं, आपण जपून ठेवलं. भारतातल्या भारतात पत्र जाणार असेल तर ही आपली चालती नाणी आहेत. देशाबाहेर गेलं की पंचाईत होते. उद्यमबागेत एकांचं मशीन शॉप आहे, माल इंग्लंडला जातो. त्यांनी ड्रॉइंग पाठवून खाली लिहिलं, ‘काइंडली रिव्हर्ट’. आपल्याकडं रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या. तिकडं त्याचा अर्थ पूर्वपदावर जा. तिकडून प्रश्न आला: जुन्यातल्या कोणत्या ड्रॉइंगवर जायचं? ‘काइंडली’ही तिकडच्या कानाला किंचित दटावल्यासारखं वाटतं, ‘कृपा करून आवाज करू नका’मधल्या ‘कृपा’सारखं.

त्याच मशीन शॉपच्या मालकांना तिकडचा डायरेक्टर ‘हाय’ म्हणून पहिल्या नावानं ईमेल करतो. वयानं तो मोठा. मालक दर वेळी ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणून उत्तर देत. मी म्हटलं, त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि तुम्ही अजून उंबऱ्यावरच उभे आहात. ईमेलचा अंदाज सोपा आहे. पहिलं पत्र आपलं असेल तर एक पायरी वरचं लिहावं. उत्तर आलं की त्यातला सूर बघून त्याच पायरीवर उतरावं. आता मालक ‘हाय डेव्हिड’ लिहितात, पण अजून ते लिहिताना खुर्चीत सरळ होतात.

लिहिण्याइतकंच वाचणंही शिकावं लागतं, आणि तिथं चुकलं तर नुकसान मोठं. निपाणीकडचा एक मुलगा नोकरीच्या अर्जाचं उत्तर घेऊन आनंदात आला होता. ‘वी वेअर इम्प्रेस्ड विथ युवर ॲप्लिकेशन. वी विल कीप इट ऑन फाइल.’ त्याला वाटलं, फाइल केलंय म्हणजे काम झालं. त्यानं हातातली दुसरी नोकरी सोडून सहा महिने वाट पाहिली. ते पत्र नकाराचं होतं. इंग्रजी नकार सरळ ‘नाही’ म्हणत नाही. ‘वी रिग्रेट’, ‘अनफॉर्च्युनेटली’, ‘वी आर अनएबल टू ॲक्सीड टू युवर रिक्वेस्ट’ यांपैकी काही दिसलं की पुढचं गोड असलं तरी उत्तर नाही असंच धरावं. कर्मणी प्रयोग आला, ‘इट हॅज बीन डिसायडेड’, तर नाही म्हणणारा माणूस वाक्यातून पळून गेलाय. आणि ब्रिटिश माणसानं ‘विथ रिस्पेक्ट’ असं वाक्य सुरू केलं तर आपला मान वाढला असं समजू नये. पुढं तो ‘तुमचं चुकतंय’ हेच सांगणार असतो. ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ म्हणाला तर फारच चुकतंय.

काकांकडं परत येतो. ‘पत्रास कारण की’ हे आपल्याला पाठ असतं. इंग्रजी कामाच्या पत्रात मायना झाला की थेट तिथंच उडी मारायची. पत्र झालं ते असं: ‘डिअर सर, आय ॲम रायटिंग टू रिक्वेस्ट अ नो ड्यूज सर्टिफिकेट फॉर माय ट्रॅक्टर लोन.’ पुढच्या ओळीत खाते नंबर आणि शेवटचा हप्ता भरल्याची तारीख. मग ‘आय एन्क्लोज अ कॉपी ऑफ द रिसीट. आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड इश्यू द सर्टिफिकेट बाय द एंड ऑफ द मंथ. यूअर्स फेथफुली.’

काकांनी कागद उलटा करून मागं काही आहे का बघितलं. ‘एवढंच?’

मी ‘वुड’ आणि ‘कुड’वर बोट ठेवून सांगितलं, की तुमचा ‘री’ इथं आणि इथं लावलाय. त्यांनी दोन्ही शब्दांकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, ‘ते समदं बरोबर असंल वो. पर वर ते रिस्पेक्टेड असू दे की.’

मी विचार केला, मॅनेजर आंध्राकडचा. शाळेत त्यानंही रजेचे अर्ज ‘रिस्पेक्टेड सर’नंच लिहिले असणार. ‘डिअर’ खोडून ‘रिस्पेक्टेड’ परत घातलं, प्रिंट काढली. ‘ओबीडिअंटली’ मात्र काकांना परत मिळालं नाही.